डिझेल पिकअपची एक्झॉस्ट यंत्रणा : ब्रिटनमध्ये बदल करण्यापूर्वी

फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स, फोक्सवॅगन अमारोक यांसारखी दुहेरी केबिनची डिझेल पिकअप वाहने ब्रिटनमध्ये आता केवळ शेतकरी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यापुरती मर्यादित राहिलेली नाहीत. आठवडाभर कार्यालयाची ये-जा आणि सुटीच्या दिवशी कारवान, बोट किंवा सामानाचा ट्रेलर ओढणे अशी दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घेणारा नोकरदार वर्गही त्यांच्याकडे वळला आहे. ६ एप्रिल २०२५ पासून अशा वाहनांवरील कंपनी-वाहन कराची आकारणी मोटारीप्रमाणे होऊ लागली. त्यामुळे नवी गाडी घेण्याऐवजी हाती असलेलीच अधिक ताकदवान करावी, हा विचार अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या विचाराची सुरुवात बहुधा एक्झॉस्टपासून होते. मोठ्या व्यासाची नळी, मोकळा सायलेन्सर, इंजिनच्या संगणकात फेरफार आणि शेवटी काजळीची गाळणीच काढून टाकणे, असा हा उतरता जिना आहे. त्यातील कोणत्या पायरीवर लाभ आहे, कोणती निरुपयोगी आहे आणि कोणत्या पायरीवर कायदा मोडतो, याचा हा आढावा.

धुराचा मार्ग

पुण्यात तयार होणारा टाटाचा पिकअप १९९० च्या दशकात ‘लोडबीटा’ या नावाने ब्रिटनमध्ये विकला जात असे. त्या पिढीच्या साध्या डिझेल गाड्यांत इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत जाणारी नळी आणि तिच्यातला सायलेन्सर, याहून फारसे काही नसे. त्या नळीत केलेल्या बदलाचा परिणाम सरळ आणि समजण्यासारखा असे. आजच्या युरो ६ पिकअपमध्ये तीच नळी एका छोट्या रासायनिक कारखान्यातून जाते.

सिलिंडरमधून बाहेर पडलेला तप्त वायू प्रथम टर्बोचार्जरचे चाक फिरवतो. त्यानंतर ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेल्या हायड्रोकार्बनचे ज्वलन पूर्ण होते. पुढची पायरी डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे डीपीएफ. ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची गाळणी असते. तिच्या नलिका आळीपाळीने एका टोकाला बंद केलेल्या असतात. त्यामुळे वायूला सच्छिद्र भिंतींतून झिरपावेच लागते आणि काजळी मागे राहते. त्यापुढे बहुतेक नव्या वाहनांत ॲडब्लूची फवारणी होते. पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे हे द्रावण उष्णतेने अमोनिया देते आणि तो अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत करतो. सायलेन्सर येतो तो सर्वांत शेवटी.

हा सारा खटाटोप कशासाठी, ते मर्यादांवरून कळते. हलक्या व्यापारी वाहनांच्या ज्या जड वर्गात बहुतेक पिकअप मोडतात, त्यात युरो ५ नुसार नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २८० मिलिग्रॅम होती. युरो ६ मध्ये ती १२५ मिलिग्रॅमवर आली.

टर्बो आणि उलट दाब

‘इंजिनाला थोडा उलट दाब लागतोच’ असे अनेकदा ऐकू येते. टर्बो डिझेलच्या बाबतीत ते खरे नाही. टर्बोचे चाक फिरते ते त्याच्या अलीकडील आणि पलीकडील दाबांतल्या फरकावर. पलीकडे, म्हणजे नळीच्या बाजूला, दाब जितका कमी तितका हा फरक मोठा. चाक लवकर वेग घेते, कमी फेऱ्यांवरही हवा भरपूर मिळते आणि पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलण्यासाठी कमी श्रम पडतात. तत्त्व म्हणून मोकळ्या एक्झॉस्टचा लाभ वास्तव आहे.

व्यवहारात मात्र दोन गोष्टी आड येतात. पहिली गोष्ट भूमितीची. अडीच इंची नळीऐवजी तीन इंची नळी बसवली तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते, आणि हा आकडा जाहिरातीत शोभून दिसतो. परंतु वायूला खरा अडथळा होतो तो कॅटॅलिस्ट आणि गाळणीचा. त्या दोन्ही जागच्या जागी ठेवून केवळ त्यांच्या मागची नळी रुंद करणे म्हणजे घाटात रस्ता अरुंदच ठेवून घाट संपल्यावर चौपदरी करण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट संगणकाची. आधुनिक टर्बोची पाती हलती असतात आणि किती दाबाने हवा भरायची हे इंजिनचा संगणक ठरवतो. नळी मोकळी झाली तरी तो दाब ठरलेल्या मर्यादेतच ठेवतो. त्यामुळे मूळ प्रोग्रॅम कायम ठेवून केवळ मागची नळी बदलल्यास आवाजात फरक जाणवतो, ताकदीतला फरक मोजणेही अवघड असते.

ताकद खऱ्या अर्थाने वाढते ती प्रोग्रॅम बदलल्याने, म्हणजे रीमॅपने. त्यात इंधन आणि हवेचा दाब दोन्ही वाढवले जातात. कमी फेऱ्यांवर टॉर्क वाढला की ट्रेलरसह चढावर गिअर कमी वेळा बदलावा लागतो, हा लाभ खरा आहे. पण तोच वाढीव टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांनाही सोसावा लागतो. शिवाय हवेच्या मानाने इंधन जास्त सोडणारा रीमॅप अधिक काजळी निर्माण करतो आणि गाळणी लवकर भरते. मग पुढची ‘सुधारणा’ म्हणून गाळणी काढण्याचा सल्ला मिळतो.

भार आणि उष्णता

ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचा खरा शत्रू उष्णता आहे. रिकामी गाडी खंडाळ्याचा घाट चढते तेव्हा इंजिन काही क्षण जोर लावते आणि पुन्हा निवांत होते. तीन टनांचा ट्रेलर मागे असलेली गाडी कंब्रियात एम ६ मोटरवेवर शापच्या चढाला लागते तेव्हा इंजिन कित्येक मिनिटे सतत भाराखाली असते. अशा वेळी टर्बोपूर्वीच्या वायूचे तापमान महत्त्वाचे ठरते. ते दीर्घकाळ ७०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असा जाणकारांचा स्थूल संकेत आहे. त्यापुढे टर्बोची पाती, पिस्टनचा माथा आणि मॅनिफोल्डला धोका संभवतो.

कंपनीने गाडी बनवताना या मर्यादांचा विचार केलेला असतो. रीमॅप केलेल्या गाडीत ती जबाबदारी मालकाच्या शिरावर येते. म्हणून भार ओढण्यासाठी फेरफार करणाराने एक्झॉस्ट तापमापक बसवणे हा खर्च पहिला धरावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी अधिक क्षमतेचा कूलर, स्वच्छ इंटरकूलर आणि निर्दोष ब्रेक या गोष्टी चढ-उतारावर रुंद नळीपेक्षा कितीतरी जास्त कामी येतात. काही रस्त्यांवर तर यांपैकी कशाचाच उपयोग नाही. उत्तर यॉर्कशरमधील सटन बँकवर ए १७० रस्त्याचा चढ चारास एक इतका तीव्र आहे आणि तेथे कारवानला मज्जावच आहे.

जे एक्झॉस्टने बदलत नाही

ताकद वाढली म्हणजे ओढण्याची क्षमता वाढली, हा समज सर्वांत महाग पडणारा आहे. ओढण्याची कायदेशीर मर्यादा अश्वशक्तीवर ठरत नाही. ती चासी, ब्रेक, ॲक्सल आणि जोडणीच्या सांध्यावर ठरते आणि वाहनाच्या ओळखपट्टीवर कोरलेली असते. बहुतेक मोठ्या पिकअपसाठी ब्रेक असलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा ३,५०० किलो असते. स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ती ७५० किलोच्या वर जात नाही.

या जोडीला वाहन आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाचीही मर्यादा असते आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. समजा, एखाद्या पिकअपची एकत्रित मर्यादा ६,००० किलो आहे आणि गाडीचे स्वतःचे वजन २,२०० किलो आहे. मागे ३,५०० किलोचा ट्रेलर जोडला की माणसे आणि सामान यांच्यासाठी उरतात अवघे ३०० किलो. पाच प्रौढ माणसे बसली तरी ही मर्यादा ओलांडली जाते, मग मागच्या हौद्यात काहीही नसो. कारवानच्या बाबतीत नवख्या चालकाने ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवावे, अशी शिफारस ब्रिटनमधील कारवान संघटना करतात.

परवान्याचे नियम १६ डिसेंबर २०२१ पासून सोपे झाले. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही आता ग्रेट ब्रिटनमध्ये वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. भारतातून आलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे की भारतीय परवाना येथे स्थायिक झाल्यापासून केवळ १२ महिने चालतो. त्याची अदलाबदल करून मिळत नाही. ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. ट्रेलर जोडलेला असताना वेगमर्यादा एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर किंवा मोटरवेवर ६० मैल आहे. तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडील मार्गिका वर्ज्य आहे. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असल्यास जादा आरसे हवेतच. ते नसल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ गुण चढू शकतात. इंजिन कितीही ताकदवान केले तरी या मर्यादा तसूभरही हलत नाहीत.

कायद्याची चौकट

वाहनांची रचना आणि वापर यांविषयीच्या १९८६ च्या नियमावलीतील नियम ६१अ येथे निर्णायक आहे. ज्या उत्सर्जन-मानकासाठी वाहन बनवले गेले, ते मानक पाळले जाणार नाही अशा रीतीने फेरफार केलेले वाहन रस्त्यावर वापरणे हा गुन्हा आहे. मोटारीसाठी १,००० पाउंडांपर्यंत आणि हलक्या मालवाहू वाहनासाठी २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा वापरणाऱ्याचा मानला जातो. त्यामुळे काम गॅरेजने केले किंवा पावतीवर ‘केवळ सार्वजनिक रस्त्याबाहेरील वापरासाठी’ असे छापले, तरी चालकाची सुटका होत नाही. गाळणी पोकळ करणे, ईजीआर झडप बंद करणे, ॲडब्लू यंत्रणेला फसवणारे उपकरण बसवणे ही सर्व कामे याच नियमाच्या कक्षेत येतात.

वार्षिक एमओटी तपासणीत फेब्रुवारी २०१४ पासून गाळणी जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते. २० मे २०१८ पासून नियम आणखी कडक झाले. गाळणी असलेल्या वाहनातून कोणत्याही रंगाचा धूर दिसला किंवा गाळणीशी छेडछाड झाल्याचे आढळले, तर ते वाहन नापास होते. गाळणीचा डबा कापून पुन्हा जोडल्याच्या खुणा असल्यास, तो स्वच्छतेसारख्या योग्य कारणासाठी उघडल्याचा पुरावा मालकाला द्यावा लागतो. ही तपासणी मुख्यतः नजरेवर चालते, हे तिचे उणेपण आहे. बेल्जियमने २०२२ मध्ये, तर नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये धुरातील कण प्रत्यक्ष मोजणारी चाचणी सुरू केली. तिच्यापुढे पोकळ डब्याचे सोंग टिकत नाही.

आवाजाचा नियम स्वतंत्र आहे. मान्यताप्राप्त वाहनाचा एक्झॉस्ट अधिक आवाज करील अशा प्रकारे बदलणे बेकायदेशीर आहे. एमओटीतही मूळ सायलेन्सर असलेल्या तशाच वाहनापेक्षा आवाज स्पष्टपणे अवाजवी वाटल्यास गाडी नापास होते. लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी भागात अशा वाहनांसाठी ध्वनी कॅमेरेही वापरले जातात. महाराष्ट्रातील पोलिसांनी बुलेटचे कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. येथे दृश्य इतके नाट्यमय नसते, पण दंडाची पावती घरी येते.

शहरांतील स्वच्छ हवा क्षेत्रांचा संबंध वाहनाच्या नोंदणीतील मानकाशी असतो. लंडनचे युलेझ २९ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व बरोंमध्ये लागू झाले. युरो ६ पूर्ण न करणाऱ्या डिझेल मोटारी आणि साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना तेथे दिवसाला १२.५० पाउंड द्यावे लागतात. बर्मिंगहॅममध्ये ही रक्कम ८ पाउंड आहे. ग्लासगोत शुल्क भरून आत जाण्याची सोयच नाही, थेट दंड होतो. कितीही महाग एक्झॉस्ट बसवला तरी युरो ५ गाडी युरो ६ होत नाही.

गाळणी का तुंबते

गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्याला रीजनरेशन म्हणतात. मोटरवेवर स्थिर वेगाने जाताना वायू पुरेसा तापतो आणि काजळी आपोआप हळूहळू जळते. तसे घडले नाही तर संगणक जादा इंधन सोडून तापमान सुमारे ६०० अंशांवर नेतो. गाडी रोज शाळा आणि दुकान एवढ्याच फेऱ्या करत असेल, तर ही क्रिया अर्धवट राहते आणि गाळणी तुंबते. येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. नियमितपणे जड ट्रेलर घेऊन लांब जाणाऱ्या गाडीची गाळणी सहसा निरोगी राहते. भार ओढण्याच्या नावाखाली ती काढणाऱ्याला ती काढण्याची गरज सर्वांत कमी असते.

गळके इंजेक्टर, चिकटलेली ईजीआर झडप, बिघडलेला दाबसंवेदक, फाटलेली टर्बोची नळी किंवा चुकीचे तेल ही गाळणी भरण्याची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी एकाचाही शोध न घेता गाळणीच कापणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. काजळी जळते, पण तेलातील क्षारांची राख जळत नाही. म्हणून कंपनीने सांगितलेले कमी राखेचे तेलच वापरावे लागते. अनेक वर्षांनी राख साठली, तर गाळणी उतरवून स्वच्छ करून घेता येते. नवी मूळ गाळणी हजार पाउंडांच्या पुढे जाऊ शकते, हे खरे. तथापि दंड, नापास एमओटी आणि पुन्हा बसवण्याचा खर्च जमेस धरला तर काढण्याचा मार्ग स्वस्त ठरत नाही.

खर्चापलीकडचा हिशेब अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. लंडनच्या लुइशम भागात वाहत्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किस्सी-डेब्रा ही ९ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने दगावली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूला हातभार लावणारे कारण असल्याचा निर्णय दिला. मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झालेली ती ब्रिटनमधील पहिली व्यक्ती ठरली. गाळणी जी काजळी अडवते, ती काढल्यावर शाळेच्या दारात थांबलेल्या मुलांच्या श्वासाच्या उंचीवर सोडली जाते.

विमा आणि वॉरंटी

ग्राहक विम्याविषयीच्या २०१२ च्या कायद्यानुसार विमा घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काळजीपूर्वक आणि खरी देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. रीमॅप आणि बदललेला एक्झॉस्ट हे दोन्ही फेरफार समजले जातात. ते लपवल्यास अपघातानंतर भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. मूळ वॉरंटीवरही परिणाम होतो, आणि रीमॅपची खूण अधिकृत विक्रेत्याच्या संगणकाला अनेकदा सापडते. म्हणून विमा कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी, काम नंतर करावे.

करण्याजोगे बदल

कायद्याच्या चौकटीत राहूनही बरेच काही शक्य आहे. गाळणीच्या मागील भागासाठी मान्यताप्राप्त स्टेनलेस स्टीलची नळी बसवता येते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि साधी पोलादी नळी त्याने लवकर गंजते, म्हणून टिकाऊपणा हाच या बदलाचा खरा लाभ आहे. सायलेन्सर कायम ठेवून केलेल्या अशा बदलाने गाडी हलकी आणि टिकाऊ होते. रीमॅप करायचाच असेल तर तो गाळणी, ईजीआर आणि ॲडब्लू यांना हात न लावणारा, टॉर्क गिअरबॉक्सच्या मर्यादेत ठेवणारा आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत मालकाला देणारा असावा. त्याआधी टर्बोच्या नळ्या, हवेची गाळणी, इंजेक्टर आणि इंटरकूलर तपासून घ्यावेत. हरवलेली ताकद कित्येकदा तेथेच परत सापडते. वर्षभर जड भार ओढायचा असेल, तर लहान इंजिन पिळण्यापेक्षा मुळातच मोठे इंजिन निवडणे शहाणपणाचे ठरते.

जुना पिकअप विकत घेणाऱ्यासाठीही हे ज्ञान उपयोगाचे आहे. नोंदणी क्रमांक टाकला की वाहनाचा एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतो. त्यात धूर किंवा उत्सर्जन यांविषयीचे शेरे पाहावेत. निरोगी गाळणी असलेल्या गाडीच्या नळीच्या टोकाला आतून बोट फिरवल्यास काजळी जवळजवळ लागत नाही. बोट काळे झाले तर विचारपूस करावी. गाळणीच्या डब्यावरील ताजे वेल्डिंग, आवाजातील फरक आणि ‘ॲडब्लूची कटकट नाही’ असे विक्रेत्याचे कौतुकाचे बोल या तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. अशी गाडी घेतली की नियम ६१अ ची जबाबदारी त्याच दिवशी नव्या मालकाकडे येते.